मावशीचा प्रश्न: अवरक्त हीटरने रक्तावर काही होतं का?

माझी मावशी लेकीच्या बाळंतपणासाठी डिसेंबरात इंग्लंडात लीड्सला गेली आणि चौथ्याच दिवशी तिचा फोन आला. जावईबापूंनी झोपायच्या खोलीत भिंतीवर एक पांढरा सपाट तक्ता बसवून घेतला होता. त्याला ना पंखा, ना उजेड, ना आवाज. पण समोर बसलं की उन्हात बसल्यासारखं वाटतं. याला इन्फ्रारेड म्हणतात, मराठीत अवरक्त, असं त्यांनी तिला कौतुकाने सांगितलं आणि तिथेच घोटाळा झाला. “अरे, अवरक्त म्हणजे? त्याने रक्तावर काही होतं का? घरात ओली बाळंतीण आहे, तान्हं मूल आहे. तू विजेच्या कामातला, म्हणून तुला विचारते.”

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शब्द घडवणाऱ्यांनी संस्कृतातला ‘रक्त’ घेतला, म्हणजे रंगलेला, लाल. रक्तचंदनातला रक्त तोच. ‘अव’ म्हणजे खालचा. लाल रंगाच्या खालच्या पायरीवरचे किरण ते अवरक्त, आणि दुसऱ्या टोकाला जांभळ्याच्याही पलीकडचे ते अतिनील. पण रोजच्या मराठीत रक्त म्हणजे अंगातलंच. त्यात भर ‘रेडिएशन’ची. शाळेच्या पुस्तकात त्याला ‘प्रारण’ असा चांगला शब्द आहे, पण परीक्षा संपली की तो कुणी वापरत नाही. बोलण्यात रेडिएशन म्हटलं की एक्स-रे, चेर्नोबिल, मोबाइलचा टॉवर अशी एकच माळ डोळ्यांपुढे येते. त्या माळेत खोलीतला हीटर ओवला की कुणीही घाबरेल.

मी नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पंचवीस वर्षं विजेची देखभाल केली. खोलीतल्या हीटरपायी झालेल्या ज्या भानगडी पाहिल्या त्यांत वायर होती, प्लग होता, पडदा होता, बंद खिडकी होती. लोक मात्र विचारतात ते किरणांबद्दल. मावशीला फोनवर तुकड्यातुकड्यांनी जे सांगितलं ते इथे सलग लिहितो.

चटका, झळ आणि धग

उष्णता एका जागेवरून दुसरीकडे जायचे तीन मार्ग आपण सातवी-आठवीत पाठ केले: वहन, अभिसरण, प्रारण. पुस्तकी शब्द विसरले तरी बिघडत नाही, कारण घरात या तिन्हींसाठी वेगळे शब्द आहेतच. तापलेल्या तव्याला बोट लागलं की बसतो तो चटका, हे वहन. वैशाखात दुपारी दार उघडल्यावर तोंडावर येते ती झळ. तापलेली हवा वाहत येते, हे अभिसरण. आणि होळीपाशी उभं राहिलं की चार पावलांवरूनही तोंड भाजतं, पाठ मात्र गारच राहते, ती धग. धग म्हणजे प्रारण. अवरक्त हीटर धग देतो, इतकंच त्याचं वेगळेपण. ब्लोअर झळ देतो.

धग हवेवर अवलंबून नसते. होळी आणि तुमचं तोंड यांच्या मध्ये ताट धरा, त्याच क्षणी तोंड गार पडतं. हवा तेवढीच गरम असते, फक्त किरण अडलेले असतात. हिवाळ्यात सकाळी आपण अंगणात ऊन खात बसतो तेव्हा हेच घडत असतं: हवा बारा-तेरा अंशांची असते आणि तरी अंग सुखावतं.

हे किरण सापडले ते अपघातानेच म्हणायचे. विल्यम हर्शेल हा मूळचा वादक. नंतर त्याला आकाशाचं वेड लागलं आणि १७८१ मध्ये त्याने युरेनस शोधला. १८०० मध्ये इंग्लंडात स्लाऊ इथे तो लोलकातून पडलेल्या रंगपट्ट्याच्या एकेका रंगात तापमापक ठेवून कोणत्या रंगात किती उष्णता आहे ते पाहत होता. लालच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हतं, तिथे ठेवलेल्या तापमापकाचा पारा सगळ्यांत जास्त चढला. न दिसणारा प्रकाश असतो हे माणसाला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

तो सगळीकडे असतो. टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबलं तर बऱ्याच फोनांच्या पडद्यावर फिकट जांभळा ठिपका लुकलुकताना दिसतो, तो अवरक्तच. भिंत, फरशी, मांजर, आपण स्वतः, जे जे म्हणून ऊबदार आहे ते सतत अवरक्त किरण सोडत असतं. शांत बसलेला माणूस साधारण १०० वॉट उष्णता बाहेर टाकतो, त्यातला मोठा वाटा याच किरणांचा. लग्नाच्या हॉलमध्ये ३०० माणसं बसली की ३० किलोवॉट झाले. दोन-दोन किलोवॉटचे पंधरा हीटर लावल्यासारखे. एसी पुरत नाही त्याचं अर्धं कारण पंगतीलाच बसलेलं असतं.

कॅन्सरचं काय?

एक्स-रे किंवा गॅमा किरण धोक्याचे का, तर त्यांच्या एकेका कणात इतकी ऊर्जा असते की अणूतला इलेक्ट्रॉन उखडून निघतो आणि पेशीतल्या डीएनएची मोडतोड होते. त्यासाठी ढोबळमानाने दहा इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या (कणाची ऊर्जा मोजायचं हे माप) वर ऊर्जा लागते. अतिनील किरण त्याच्या थोडे खाली असले तरी डीएनएला इजा करू शकतात, म्हणून उन्हाने त्वचेचा कॅन्सर होऊ शकतो. अवरक्त किरण सुरू होतात तेच १.६ इलेक्ट्रॉन-व्होल्टपासून आणि तिथून खाली उतरत जातात. मावशीच्या भिंतीवरच्या तक्त्यातून निघणाऱ्या किरणांची ऊर्जा याच्याही दशांश, ०.१५ च्या आसपास.

आकडे बाजूला ठेवा. देवघरात लाल रंगाचा झिरोचा बल्ब असतो ना? त्याच्या लाल प्रकाशाचा प्रत्येक कण कुठल्याही अवरक्त कणापेक्षा जास्त ताकदीचा असतो. अवरक्त किरणांनी डीएनए तुटत असता तर तो दिवा त्याआधी तोडता.

हीटर कितीही मोठा केला तरी कणाची ताकद वाढत नाही, कणांची संख्या वाढते. पावसाचे थेंब कितीही वाढले तरी त्यांच्या गारा होत नाहीत. भिजणं तेवढं वाढतं. इथे भिजण्याऐवजी तापणं.

पण तापणं हा प्रकार साधा नाही, आणि विक्रेत्यांनी ‘पूर्णपणे निरुपद्रवी’ म्हटलं की मला काश्मीर आठवतं. तिथे फेरनच्या, म्हणजे लांब सैल झग्याच्या आत निखाऱ्यांची कांगडी, म्हणजे विणलेल्या टोपलीतली लहान शेगडी, धरून लोक हिवाळा काढतात. १८६६ मध्ये एल्म्सली नावाच्या मिशनरी डॉक्टराने लिहून ठेवलं की इथल्या लोकांना मांडीवर आणि ओटीपोटावर, म्हणजे नेमका जिथे कांगडीचा शेक बसतो तिथे, त्वचेचा कॅन्सर होतो. वर्षानुवर्षं तीच जागा रोज शेकली जाते, आधी तिथे तपकिरी जाळीसारखे डाग उमटतात, कातडी जाड आणि कोरडी होते, आणि काही जणांत पुढे गाठ धरते. ती जाळी आजही दिसते: मांडीवर लॅपटॉप घेऊन तासन्‌तास काम करणाऱ्यांना, कंबरेला रोज गरम पिशवी लावणाऱ्यांना, आणि हीटरला नडग्या चिकटवून बसणाऱ्यांना. चटका बसावा इतकी गरम जागा लागत नाही. ४३ ते ४७ अंशांचा शेक रोज मिळाला तरी पुरे. पायावर अशी जाळी दिसली तर हीटर लांब सारायचा आणि डाग जात नसेल तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवायचं.

कांगडीत धूर आणि राखही असते, त्यामुळे सगळं पाप उष्णतेच्या माथी मारता येणार नाही. तरी अर्थ एकच निघतो: खोलीभर पसरलेली ऊब आणि अंगाला चिकटवलेला शेक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सगळे अवरक्त हीटर एका जातीचे नाहीत

वस्तू जितकी जास्त तापलेली, तितके तिचे किरण दृश्य प्रकाशाच्या जवळ सरकतात. हॅलोजन हीटरमधली तार दोन हजार अंशांच्या वर तापते. त्याचा झगझगीत नारिंगी उजेड दिसतो आणि त्याचे बरेचसे किरण ‘जवळचे अवरक्त’ असतात. काचेच्या नळ्यांत लाल होणारा रॉडवाला हीटर हजार अंशांच्या आसपास असतो. भिंतीवरचा तक्ता शंभराच्या अलीकडे-पलीकडे. तो अंधारात अजिबात दिसत नाही, कारण त्याचे सगळे किरण ‘दूरचे अवरक्त’.

जवळचे अवरक्त किरण कातडीत काही मिलिमीटर आत शिरतात. दूरचे अवरक्त वरच्या पापुद्र्यातच अडतात, कारण त्वचेतलं पाणी ते लगेच शोषतं. जाहिरातीत याचं उलटंच सांगतात: दूरचे अवरक्त ‘हाडापर्यंत पोचतात’, ‘विषारी द्रव्यं बाहेर काढतात’. हाडापर्यंत काही पोचत नाही. कातडी तापते, रक्त ती ऊब आत नेतं, बरं वाटतं. याच्या पुढचं सगळं छापील कौतुक आहे. ‘७० टक्के वीजबचत’ हेही तसंच. एक युनिट वीज जाळली की कुठल्याही हीटरमधून एक युनिटच उष्णता निघते. बचत होते ती एवढ्यापुरती की अख्खी खोली तापवण्याऐवजी बसल्या जागी ऊब मिळाली तर हीटर कमी वेळ चालवावा लागतो.

मावशीच्या तक्त्याचं मी ढोबळ गणित मांडून पाहिलं. ६० बाय १०० सेंटिमीटरचा तक्ता ९० अंशांना तापला तर दोन मीटरवर बसलेल्या माणसाच्या अंगावर त्याच्याकडून दर चौरस मीटरला ३० वॉटच्या आसपास जादा उष्णता येते. भर दुपारच्या उन्हात हाच आकडा हजाराच्या घरात असतो आणि त्यातलं जवळपास निम्मं अवरक्तच असतं. म्हणजे मावशी नाशिकला गच्चीवर पापड राखत बसायची तेव्हा तिने यापेक्षा कितीतरी जास्त अवरक्त अंगावर घेतलंय, वर अतिनील फुकट.

डोळे: इथे भीती अगदीच खोटी नाही

काच फुंकणाऱ्या कारागिरांना लवकर मोतीबिंदू होतो हे युरोपात फार पूर्वीपासून ठाऊक होतं. वीस-तीस वर्षं भट्टीच्या तोंडाशी उभं राहून वितळलेल्या काचेकडे टक लावायची, तिची धग थेट डोळ्यांत. डोळ्यातल्या भिंगाला रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे त्यात साठलेली उष्णता वाहून नेणारं कुणी नाही. बुबुळ तापतं, त्याच्या मागचं भिंग तापतं आणि हळूहळू गढुळतं. ब्रिटनने १९०८ मध्ये या मोतीबिंदूला भरपाईयोग्य व्यावसायिक आजार मानलं, आणि रसायनशास्त्रज्ञ विल्यम क्रुक्स याने म्हातारपणी खास या कारागिरांसाठी उष्णता अडवणाऱ्या काचेचे चष्मे शोधण्यात काही वर्षं घातली. आपल्याकडेही १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत अवरक्त किरणांमुळे होणारा मोतीबिंदू नावानिशी होता. कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत वितळलेलं लोखंड ओतणारा कामगार, फिरोजाबादला बांगड्यांच्या भट्टीवर बसणारा माणूस, यांच्यासाठी तो शब्द कायद्यात आला. तिथे साधा काळा गॉगल चालत नाही. अवरक्त अडवणारी काच लागते. साधा गॉगल उजेड कमी करतो, त्यामुळे माणूस निर्धास्तपणे जास्त वेळ भट्टीत बघतो, आणि धग तशीच आत जात राहते. हे मी स्वतः एका पर्यवेक्षकाला तीन वेळा समजावलंय. चौथ्या वेळी त्याने मलाच गॉगल भेट दिला.

घरातल्या हीटरचं काय? आयसीएनआयआरपी हा आंतरराष्ट्रीय आयोग अशा किरणांच्या मर्यादा सुचवतो. डोळ्यावर सुमारे सतरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ पडणाऱ्या अवरक्तासाठी (तीन मायक्रोमीटर तरंगलांबीपर्यंतच्या) त्याची मर्यादा दर चौरस मीटरला १०० वॉट आहे. गंमत म्हणजे तोच आयोग म्हणतो की थंडीत ऊब घेण्यासाठी हीटर वापरला असेल तर ही मर्यादा सैल करता येते: १० अंशांच्या थंडीत साधारण ३०० वॉट, शून्य अंशाला ४००. कारण डोळा आधीच गार असतो. तक्त्याचे बहुतेक सगळे किरण तीन मायक्रोमीटरच्या पलीकडचे, आणि आकडाही तिसाचा. त्याचा प्रश्नच मिटला.

हॅलोजन आणि लाल रॉडच्या हीटरचं तसं नाही. एक किलोवॉटचा हीटर मीटरभर अंतरावर साधारण त्या १०० च्या आसपास, आरशासारखा पत्रा मागे असला तर त्याहून जास्त देऊ शकतो, आणि अंतर निम्मं केलं की धग जवळजवळ चौपट होते. कुणी त्याच्याकडे तासन्‌तास बघत बसत नाही म्हणून निभावतं. हीटर पायांकडे वळवलेला असावा, तोंडाकडे नाही. टेबलावर, डोळ्यांच्या उंचीला, दीड फुटावर हॅलोजन ठेवून अभ्यास करणारी मुलं मी पाहिलीत. डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात, आणि आई म्हणते मोबाइलमुळे झालं.

मावशीचे पाय

एवढं सगळं सांगून झाल्यावर मी तिला विचारलं, तू पाय कुठे ठेवतेस? ती म्हणाली, “खुर्ची भिंतीशी सरकवते आणि तळवे टेकवते त्याला. छान शेक बसतो.”

इथे मात्र मी घाबरलो. मावशीला अठरा वर्षं मधुमेह आहे, तळपाय बधिर झालेत, चप्पल पायातून निसटली तरी तिला कळत नाही. धडधाकट माणसाचा पाय गरम तक्त्याला लागला तर तो झटकन मागे घेतो. ती वेदना हेच आपलं संरक्षण. ती गेली की उरतं फक्त भौतिकशास्त्र. वस्तू ४८ अंशांची असली आणि दहा मिनिटं कातडीला चिकटून राहिली तरी भाजायला पुरते. रात्रभर म्हणजे आठ तास चिकटली तर ४३ अंशही पुरे. ९० अंशांच्या तक्त्याबद्दल बोलायलाच नको. मधुमेहातली पायाची जखम भरायला किती महिने घेते हे कुणालाही सांगायची गरज नाही. लकवा झालेली माणसं, झोपेची गोळी घेऊन पडलेले आजोबा, दारू पिऊन हीटरशेजारी आडवा झालेला गडी, सगळे याच रांगेत. त्यांनी धगेचा अंदाज स्वतःच्या कातडीवर सोपवायचा नाही. दुसऱ्याने हाताच्या पाठीने पाहायचं.

तान्ह्या बाळाचंही तेच, त्याला सरकता येत नाही आणि सांगता येत नाही. पण मावशीला धीर यावा म्हणून मी तिला तिच्याच नातवाची आठवण करून दिली. दुसरा नातू नाशिकला दिवस भरायच्या महिनाभर आधी जन्मला तेव्हा त्याला चार दिवस ‘वॉर्मर’खाली ठेवलं होतं. नवजात बाळांच्या कक्षात डोक्यावर लाल तापलेली नळी असलेला जो उघडा पाळणा असतो तो अवरक्त हीटरच. जगातल्या सगळ्यांत नाजूक माणसाला तो लावतात. मात्र तिथे बाळाच्या पोटावर एक सेन्सर चिकटवलेला असतो. कातडी साधारण ३६.५ अंशांवर राहील इतकीच धग तो यंत्राला देऊ देतो. सेन्सर सुटला तर बाळ गार आहे असं समजून यंत्र तापवतच जातं, म्हणून गजर लावलेला असतो आणि सिस्टर पुन्हा पुन्हा येऊन बघते. किरण तेच. सुरक्षित ठेवतो तो सेन्सर आणि ती सिस्टर.

घरी सिस्टर नसते. म्हणून पाळणा तक्त्याच्या समोर किंवा लगत नको, खोलीच्या दुसऱ्या टोकाला हवा. ब्रिटनमध्ये बाळाच्या खोलीसाठी १६ ते २० अंश सांगतात, आणि मावशीचं जावयाशी खरं भांडण यावरून होतं. “सोळा अंश? पोर कुडकुडेल!” तिच्या हिशेबात टोपरं, दोन दुपटी, वरून लोकरीची शाल आणि खोली अंगातून घाम निघेल इतकी उबदार. पण झोपलेल्या बाळाला अति गरम होणं हे थंडीपेक्षा वाईट. अचानक होणाऱ्या अर्भकमृत्यूशी त्याचा संबंध लागलेला आहे. बाळाची मान आणि छाती हात लावून बघायची, हातपाय नाही. ते गारच असतात.

शेक-शेगडी

पुढच्या फोनला तिने हळूच विचारलं की बाळंतिणीला शेगडी तरी देता येईल का, बाजेखाली निखारे, वर ओवा-बाळंतशोपा. तिने स्वतः दोन्ही बाळंतपणांत घेतली होती. खरं तर ती आपली जुनी अवरक्त हीटिंग. कोळशाची धग आणि तक्त्याची धग, दोन्ही अवरक्तच.

फरक धुराचा, त्यातही न दिसणाऱ्या धुराचा. कोळसा किंवा गॅस पुरेशा हवेशिवाय जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि झोपलेला माणूस उठत नाही. मावशीचा मूळ प्रश्न आठवा: रक्तावर काही होतं का? असं जळण जाळणाऱ्या हीटरने होतं. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन इथे केरळहून फिरायला गेलेले आठ जण, त्यांत चार लहान मुलं, एका रिसॉर्टच्या खोलीत दगावले. दारं-खिडक्या बंद होत्या आणि आत गॅसचा हीटर चालू होता. बाथरूममधल्या गॅस गीझरच्या बातम्या तर आपण दर हिवाळ्यात वाचतो. गॅसवर चालणारे अवरक्त हीटरही मिळतात, हॉटेलच्या अंगणात छत्रीसारखे उभे असतात ते. ते अंगणातच शोभतात. विजेच्या तक्त्यात जळणच नसल्यामुळे हा धोका नाही, आणि माझ्या लेखी त्याचा सगळ्यांत मोठा फायदा हाच. लीड्सच्या घरात गॅस बॉयलर होताच, म्हणून कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावून घ्यायला मी जावईबापूंना सांगितलं. तो आधीच लावलेला होता, हे मला जरा खट्टू होऊन कळवण्यात आलं.

वायर

आता माझ्या धंद्याची गोष्ट. दोन हजार वॉटचा हीटर २३० व्होल्टवर जवळजवळ ८.७ अँपिअर ओढतो. आपल्याकडचं लहान सॉकेट ६ अँपिअरचं, मोठं १६ चं. लोक काय करतात, हीटरचा जाडा प्लग लहान बोर्डात जात नाही म्हणून कन्व्हर्टर आणतात आणि त्यात एक्स्टेन्शन बोर्ड खोचतात. हीटर लागतो, खोली गरम होते, सगळे खूश. भिंतीच्या आतली बारीक वायरही गरम होत असते, ती कुणाला दिसत नाही. सैल झालेल्या पिनेपाशी तर ठिणगी धरायला फार वेळ लागत नाही.

एका ऑफिसात थंडीच्या दिवसांत चार टेबलांखाली चार हीटर, सगळे एकाच एक्स्टेन्शनवर, एक्स्टेन्शन गालिच्याखाली. मला बोलावलं ते ‘वास येतोय’ म्हणून. गालिचा उचलला तर बोर्डाचा प्लास्टिकचा डबा वितळून फरशीला चिकटला होता. त्याच ऑफिसात महिन्यापूर्वी ‘इन्फ्रारेडमुळे डोकं दुखतं’ अशी तक्रार होती आणि त्यावर बैठकही झाली होती. वायरिंगवर बैठक कधी झाली नव्हती.

९ जानेवारी २०२२ ला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये एका १९ मजली इमारतीत बराच वेळ चालू राहिलेल्या विजेच्या हीटरमुळे आग लागली. आग एकाच घरापुरती राहिली, पण आपोआप मिटायला हवी होती ती दारं उघडीच राहिली, धूर जिन्यातून वर चढला आणि १७ माणसं गेली, त्यांत आठ मुलं होती.

म्हणून हीटर थेट भिंतीतल्या १६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये, अर्थिंग असलेल्या. एक्स्टेन्शन नको. मधूनच प्लगला हात लावून बघावा. कोमट ठीक, हात ठेववत नसेल तर बंद करून वायरमनला बोलवावं. आयएसआय चिन्ह, आणि कलंडला तर आपोआप बंद होणारं बटण, या दोन गोष्टी नसलेला हीटर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये. बाथरूमजवळ असेल तर गळतीचा प्रवाह ओळखून तुटणारा ३० मिलिअँपिअरचा स्विच हवाच. आणि चहूबाजूंनी मीटरभर मोकळी जागा: पडदा, मच्छरदाणी, गादी, वर्तमानपत्रांचा गठ्ठा, साडीचा पदर यांपैकी काही त्यात येता कामा नये. धग वाऱ्यासारखी जाणवत नाही, त्यामुळे मागून पदर तापतोय हे बाईला कळत नाही.

कामाच्या जागी आणखी दोन भानगडी. एक, हवेत काय आहे ते. इचलकरंजी किंवा मालेगावच्या मागाच्या शेडमध्ये सुताचा कापूस उडत असतो, रंगाच्या दुकानात थिनरची वाफ असते, सुतारकामात भुसा असतो, कोंबड्यांच्या शेडमध्ये पिल्लांसाठी टांगलेल्या लाल बल्बांखाली भाताचं तूस पसरलेलं असतं. लाल होणारी तार अशा ठिकाणी उघडी नसावी, आणि बल्ब नुसत्या वायरवर टांगू नये, साखळीवर टांगावा. दुसरं, धग कुठून येते ते. माणसाला भिंत गरम असलेली चालते, डोक्यावरचं छत गरम असलेलं चालत नाही. ऊबेच्या सोयीची जी आंतरराष्ट्रीय मानकं आहेत त्यांत गरम भिंतीसाठी दोन बाजूंच्या किरण-तापमानातला फरक २३ अंशांपर्यंत चालतो, गरम छतासाठी फक्त ५. त्या ऑफिसातली डोकेदुखी बहुधा याचीच होती: एका कोपऱ्यात हीटर छतालाच, बसलेल्या माणसांच्या टाळूवर लावला होता. टाळू तापलेली आणि पाय गार. किरणांनी कुणाचं काही बिघडलं नव्हतं, पण डोकं दुखत होतं हे खोटं नव्हतं.

हवा कोरडी पडते का, हा प्रश्नही तिथे निघाला होता. कुठलाही हीटर हवेतलं पाणी खात नाही. हवा तापली की तिची पाणी धरायची क्षमता वाढते, म्हणून सापेक्ष आर्द्रता उतरते आणि ओठ फुटतात. अवरक्त हीटर हवा थेट कमी तापवतो, त्यामुळे हे ब्लोअरपेक्षा जरा कमीच होतं.

आठवड्याने मावशीने फोटो पाठवला. खुर्ची भिंतीपासून चांगली दूर, पायात लोकरी मोजे, पाळणा पलीकडच्या टोकाला. मी खूश झालो. मग फोटो मोठा करून पाहिला तर तक्त्यावर ओळीने बाळाची लंगोटं आणि दुपटी वाळत घातली होती. तसे तक्ते झाकले की आतली उष्णता कोंडते आणि कापडाच्या घड्या करपतात, वर टॉवेल टाकायला म्हणून बनवलेले वेगळे येतात. मी लगेच फोन लावला.

“अरे पण इथे आठ दिवस सूर्य नाही,” ती म्हणाली. “मग वाळवू कुठे?”

जावईबापू संध्याकाळी उभा रॅक घेऊन आले. तो भिंतीपासून किती लांब ठेवायचा हे तिने फूटपट्टी घेऊन मोजलं आणि मला पुन्हा फोटो पाठवला, फूटपट्टीसकट.